बळी दिलेली कार्डं

माझा आतेभाऊ उन्हाळ्याच्या सुट्टीत पुण्याहून वडवणीला यायचा तेव्हा काही ना काही नवं घेऊन यायचा. एका वर्षी त्यानं कार्डं आणली. जाडजूड गठ्ठा, दोन रबरबँड लावलेला. प्रत्येक कार्डावर एक चित्र. पंखवाला साप, चिलखत घातलेला बैल, डोळ्यांना पट्टी बांधलेली बाई, दगडाचा माणूस. चित्राच्या वर चांदण्यांची ओळ आणि खाली मुंगीएवढ्या अक्षरात इंग्रजी. मी पाचवीत होते, माझी थोरली बहीण सातवीत. तिला मी अक्का म्हणते. सुट्टीभर त्यानं आम्हाला ती कार्डं लांबूनच दाखवली. हात लावायला द्यायचा नाही.

जायच्या दिवशी मात्र त्याला काय वाटलं कोण जाणे. आत्या आत पिशव्या भरत होती, गाडीला वेळ होता, तर त्यानं आम्हाला ओट्यावर बसवलं आणि खेळ शिकवला. ज्याच्यावर चार किंवा कमी चांदण्या, तो जीव हातातून थेट मैदानात बोलवायचा. पाच-सहा चांदण्या असतील तर तो तसा येत नाही. आपल्याच मैदानातल्या एकाचा बळी द्यावा लागतो, मग येतो. सात किंवा जास्त असतील तर दोघांचा बळी. आणि आपल्या एका खेपेत असं बोलावणं एकदाच. कोणाचा जोर किती, मारामारी कशी करायची, हेही त्यानं सांगितलं. पुढं तो आणखी काही सांगणार होता. तेवढ्यात रस्त्यावरून मामाचा, म्हणजे आमच्या बापूंचा, आवाज आला की गाडी लागली. त्यानं गठ्ठ्यातली दुबार असलेली कार्डं भराभर वेगळी काढली, ती आमच्या पुढ्यात ढकलली आणि पळाला.

त्याच संध्याकाळी आम्ही पहिला डाव मांडला. पंखवाला साप माझ्या हातात आला होता. सात चांदण्यांचा. माझ्या मैदानात दोन बारके जीव होते. मी मोठ्या ऐटीत सांगितलं की दोघांचा बळी दिला, आणि ती दोन कार्डं उचलून बाजूला ठेवली.

अक्का त्या बाजूला ठेवलेल्या कार्डांकडं बघत राहिली. तिचं म्हणणं पडलं की हा बळी कसला, ती दोघं तर तिथंच आहेत, उद्याच्या डावात तू परत घेशील. मी म्हटलं, घेणारच की. ती म्हणाली, मग दिलं काय तू? आमचं चांगलंच जुंपलं. बापू नुकतेच बी-बियाण्याच्या दुकानातून येऊन न्हाणीत पाय धूत होते. तिनं त्यांनाच विचारलं की बापू, बळी दिलेलं परत येतं का?

बापूंनी मान वर न करता सांगितलं, "मरीआईला दिलेलं बकरू संध्याकाळी दावणीला परत येतंय व्हय?"

झालं. नियम ठरला.

पण बकऱ्याचं ठीक, कार्डाचं काय करायचं? अक्कानं थोडा विचार केला आणि मला म्हणाली, "फाड."

मला वाटलं ती गंमत करते आहे. ती करत नव्हती. मी पहिलं कार्ड दोन्ही हातांत धरलं. ते साध्या पुठ्ठ्यासारखं फाटेना. आधी वाकलं, मग चर्र आवाज होऊन मधोमध गेलं. आणि आतून निळा-काळा थर दिसला. वरून इतकं रंगीत कार्ड, त्याच्या पोटात असं काहीतरी असेल हे मला ठाऊकच नव्हतं. मी ते तुकडे हातातून टाकूनच दिले. माझे कान गरम झालेले मला आजही आठवतात. अक्काही घाबरली होती, पण ती थोरली होती. तिनं दुसऱ्या कार्डाकडं बोट दाखवलं. मी तेही फाडलं. मग पंखवाला साप मैदानात ठेवला, आणि आम्ही दोघी त्याच्याकडं बघत बसलो. तो खरंच आल्यासारखा वाटला.

पुढची तीन वर्षं आम्ही तो खेळ तसाच खेळलो.

अक्कानं त्याला आणखी रीत लावली. कार्ड फाडण्याआधी कपाळाला लावायचं. फाडल्यावर थोडा वेळ कोणी बोलायचं नाही. शाळेच्या डिक्शनरीत बघून तिनं कार्डांवरचे शब्द लावायचा प्रयत्न केला, त्यात एक शब्द परत परत यायचा, त्याचा अर्थ निघाला दफनभूमी. मग आम्ही फाडलेले तुकडे घरामागं हौदाजवळच्या ओल्या मातीत पुरायला लागलो. आमच्या दृष्टीनं सगळं जुळत होतं. कार्डावर तसं लिहिलंय, बापूंनी तसं सांगितलंय, आणखी कोणाला विचारायचं?

गल्लीतली एक मुलगी काही दिवस आमच्यात खेळायला आली. तिच्यावर बळी द्यायची वेळ आली तेव्हा ती रडायला लागली, पट्टीवाली बाई तिला फार आवडायची. अक्का तिला समजावत होती की तुला मोठा जीव पाहिजे का नको, पाहिजे असेल तर द्यावंच लागतं. ती उठून घरी गेली ती परत आली नाही. एकदा आईनं झाडताना एक तुकडा उचलला आणि "कावून भांडताव गं पोरींनो?" म्हणून आम्हालाच ओरडली. आम्ही भांडत नव्हतो. तसं तिला सांगितलं तेव्हा तिनं तुकड्याकडं पाहिलं, आमच्याकडं पाहिलं, आणि सुपलीत टाकला.

कार्डं कमी होत गेली तसा खेळ हळू झाला. मोठा जीव हातात असूनही आम्ही तो बोलवायचो नाही. बारक्यांवरच लढायचो. बोलवायचा की नाही हे ठरवायला कधीकधी आठवडी बाजार ते आठवडी बाजार एवढा वेळ जायचा, डाव तसाच पाटावर मांडलेला, वर परडी पालथी घातलेली. अक्कानं कोणताही बळी घाईत दिलेला मी पाहिला नाही. पण एकदा ठरलं की तिचा हात थांबायचाही नाही. मला ते बघायला भीती वाटायची आणि बघितल्याशिवाय राहवायचंही नाही. शेवटी मूठभर कार्डं उरली. अक्का दहावीला गेली, आणि ती मूठभर कार्डं एका मिठाईच्या डब्यात गेली.

आता अक्का एसटीत कंडक्टर आहे. खाकी घालते, बाजाराच्या दिवशी कोंबडीची पाटी मांडीवर घेतलेल्या माणसापासून कॉलेजच्या पोरांपर्यंत सगळ्या गाडीला आवाजावर ठेवते. तिच्या बऱ्याच फेऱ्या वडवणी ते बीड. मी बीडमध्ये एका तपासणी लॅबमध्ये आहे, रक्त घेते.

गेल्या वर्षी लॅबमध्ये कॉलेजचा एक मुलगा आला. ताप होता, प्लेटलेट बघायच्या होत्या. सुईला फार भ्यायचा. मी दंडाला पट्टा बांधला तर त्यानं दुसऱ्या हातानं खिशातून काहीतरी काढलं आणि त्याकडं टक लावून बघायला लागला. बघते तर पट्टीवाली बाई. तेच चित्र, त्याच चांदण्या. मी सुई हातात धरून तशीच थांबले. तोच म्हणाला, मॅडम, घ्या की लवकर. रक्त घेऊन झाल्यावर मी विचारलं की हे कुठं मिळालं. त्यानं सांगितलं की बसस्टँडच्या मागं, क्लासच्या वरच्या मजल्यावर एका दादानं खोली काढली आहे, पुण्यात इंजिनिअरिंग करून आलेला आहे तो. रविवारी दुपारी तिथं हाच खेळ असतो. तुम्ही खेळता का, त्यानं विचारलं. मी म्हटलं, आम्ही दोघी बहिणी लहानपणापासून खेळतो.

अक्काला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली की बीडात एवढे दिवस आहे आणि आपल्याला पत्ता नाही. रविवारी तिची दुपारची फेरी बीडला संपत होती. ती डेपोतून तशीच आली, खाकीवर, खांद्याला बॅग.

खोली साधी होती. लांब टेबलं, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, कोपऱ्यात चहा-कॉफीचं काउंटर. कॉलेजची पंधरा-वीस पोरं. खाकीतली बाई दारात दिसल्यावर दोघा-तिघांनी खुर्च्या सरळ केल्या. लॅबमध्ये आलेला तो मुलगा उठून आला, त्यानं ओळख करून दिली. खोलीचा मालक तिशीतला, दाढीवाला, हसरा. ताई बसा, म्हणाला, गड्डी आणलीय का? अक्कानं सांगितलं की आमची बरीचशी संपली. संपली हा शब्द त्याला थोडा वेगळा वाटला असावा. नवीन माणसाला मी माझी स्वतःची जुनी गड्डी देतो, हॉस्टेलच्या पहिल्या वर्षापासूनची, असं म्हणून त्यानं ती आणून दिली. प्रत्येक कार्ड पारदर्शक प्लॅस्टिकच्या कव्हरात होतं. अक्कानं ती हातात घेतली आणि अशी चाळली की मला तिचं सातवीतलं तोंड दिसलं.

ती त्या मुलासमोर बसली. मी तिच्या मागं उभी राहिले. मालक काउंटरला गेला.

सुरुवातीला सगळं आम्हाला माहीत असलेलंच होतं. चांदण्या, बोलावणं, मारामारी. मुलगा झपाझप खेळत होता. इतकं झपाझप कोणी खेळतं हेच आम्हाला नवीन. त्यानं सहा चांदण्यांचा एक जीव दाखवला, मैदानातलं एक बारकं कार्ड उचलून उजव्या बाजूला उताणं ठेवलं आणि मोठं कार्ड खाली मांडलं. अक्का थांबली. तिनं माझ्याकडं वळून पाहिलं. मलाही वाटलं की नवख्या बायकांपुढं लाजत असेल, किंवा इथं फाडायचं शेवटी असेल. ती परत वळली.

दोन-तीन खेपांनंतर अक्काच्या हातात एक मोठा जीव आला. मला मागून दिसत होता, आठ चांदण्यांचा. तिच्या मैदानात दोघं होते. ती बराच वेळ बसली. मुलगा मोबाईल बघायला लागला. अक्काचा विचार पक्का झालेला मला तिच्या खांद्यांवरून कळला.

तिनं पहिलं कार्ड प्लॅस्टिकमधून बाहेर काढलं. मुलानं मान वर केली. त्याला वाटलं असेल, वाचायचं असेल. तिनं ते कपाळाला लावलं आणि फाडलं. मग दुसरं काढलं, कपाळाला लावलं, फाडलं. चारही तुकडे टेबलावर नीट ठेवले आणि मोठा जीव मैदानात मांडला.

खोलीत कोणी बोलेना. शेजारच्या टेबलावरची पोरं हातातली कार्डं तशीच धरून आमच्याकडं बघत होती. एकजण उभा राहिला होता आणि बसायचं विसरला होता. मुलाचं तोंड उघडं होतं. आमच्या घरी बळीनंतर असंच गप्प बसायची रीत, त्यामुळं अक्काला त्यात काहीच वावगं वाटलं नाही. तिनं जरा वेळ जाऊ दिला. मग त्याच्या बाजूला पडलेल्या कार्डाकडं बोट दाखवून हळूच म्हणाली,

"तुमचं फाडायचं राह्यलं की, भाऊ."

मालक काउंटरवरून आला. त्याच्या हातात चहाचा कप होता, तो त्यानं कुठं ठेवला ते त्यालाही कळलं नसेल. त्यानं ते तुकडे पाहिले. त्याचा रंग उतरला. पुण्यात इतकी वर्षं राहून आलेला माणूस, सगळ्यांशी पुस्तकी मराठी बोलणारा, त्याच्या तोंडून एकदम घरचं निघालं.

"ताई, हे... हे कावून फाडलं?"

"बळी दिला की," अक्का म्हणाली. "दोघांचा."

मुलानंच सांगायला सुरुवात केली, अडखळत, जणू काही वाईट बातमी द्यायची आहे. बळी दिलेलं कार्ड फाडत नाहीत. ते बाजूला ठेवायचं, ह्या इथं. ह्या ढिगाला स्मशान म्हणतात. डाव संपला की सगळी उचलायची.

"म्हंजे डाव संपला की सगळी परत?" अक्कानं विचारलं.

सगळी परत, तो म्हणाला. पुढच्या डावाला तीच.

मी खुर्चीची पाठ धरून उभी होते आणि मला वाटत होतं की आता कोणीतरी हसेल, आणि हे सगळं हसण्यावारी जाईल. कोणी हसलं नाही. भर गाडीत दारुड्याला कॉलर धरून खाली उतरवणारी माझी बहीण त्या चार तुकड्यांसमोर मान खाली घालून बसली होती. खोटं वाटेल, पण एवढ्या वर्षांत आमच्या मनात शंकाच आली नव्हती. मोबाईल आले, नेट आलं, सगळ्या गोष्टी आम्ही त्यात बघतो. पण देवळात प्रदक्षिणा कुठून सुरू करायची हे कोणी नेटवर बघतं का? जे आपल्याला येतं ते कशाला बघायचं?

मुलाला बिचाऱ्याला वाटलं की अजून समजावलं तर बरं वाटेल. त्यानं आपल्या गड्डीतून एक कार्ड काढून दाखवलं. भेगाळलेली कबर आणि तिच्यातून वर आलेला हात. हे असेल तर डाव चालू असतानाच स्मशानातलं एक परत आणता येतं, म्हणाला, बळी दिलेलंसुद्धा.

ते कार्ड आमच्याकडंही होतं. अक्कानं डिक्शनरी लावून त्याचा अर्थ काढला होता आणि आमचं एकमत झालं होतं की ह्याचा काही उपयोग नाही. फाडून पुरलेलं कोण परत आणणार? आईच्या पोळपाटाचा एक पाय आखूड होता, तो डगडगायचा. आम्ही ते कार्ड चार घड्या करून त्या पायाखाली दिलं होतं. त्यावर आईनं वर्षानुवर्षं भाकरी थापल्या.

अक्कानं ते मुलाच्या हातून घेतलं, पाहिलं, परत दिलं. मग उभी राहिली आणि मालकाला म्हणाली की माझ्याकडून लई वाईट झालं. तो म्हणाला, असू द्या ताई, तुम्हाला काय माहीत. पण तुकडे त्यानं एकेक करून उचलले. त्यानं ते परत त्या प्लॅस्टिकच्या कव्हरांत घातले, एकात दोन, एकात दोन. कडेला कड जुळत नव्हती.

आम्ही खाली आलो. बसस्टँडवर चहा मागवला, तो तसाच राहिला. अक्कानं आतेभावाला फोन लावला. तो आता पुण्यात नोकरीला आहे, लेकराबाळांचा आहे. तिनं स्पीकरवर टाकलं, म्हणून मला दोन्ही बाजू ऐकू आल्या. तिनं सगळं सांगितलं, पहिल्या संध्याकाळपासून.

पलीकडं टीव्ही चालू होता, तो त्यानं बंद केला.

"तुम्ही खरंच फाडत होतात?" तो म्हणाला. "सगळी?"

त्याला तेच सांगायचं होतं त्या दिवशी, म्हणाला, शेवटी कार्डं परत घ्यायची ते. तेवढ्यात मामानं हाक मारली. मग त्याला वाटलं, एवढं तर कोणालाही कळेल. त्यानं विचारलं की कोणती कोणती गेली. आणि अक्कानं सांगायला सुरुवात केली. चिलखतवाला बैल, पंखवाल्या सापासाठी. दगडाचा माणूस, त्याच डावात. लाल टोपीचा बुटका, श्रावणात, तेव्हा धाकटी हरली होती. पट्टीवाली बाई, दोनमुखी हरण. न अडखळता, एकापुढं एक. मला त्यातली निम्मी आठवत नव्हती. तिला प्रत्येक बळी कशासाठी दिला तेसुद्धा आठवत होतं. तिचा आवाज अगदी सरळ होता, थांबे सांगताना असतो तसा.

"बस कर," आतेभाऊ म्हणाला. मग आणखी हळू, "बस कर, बाई."

वडवणीची गाडी लागली. तिची ड्यूटी नव्हती, ती मागच्या सीटवर खिडकीला बसून गेली.

पुढच्या सुट्टीला ती मिठाईचा डबा घेऊन बीडला आली. मला म्हणाली, चल माझ्याबरोबर, मला एकटीला जिना चढवणार नाही. रविवार नव्हता, खोलीत पोरं थोडी होती. तिनं डबा मालकासमोर ठेवला आणि सांगितलं की ह्यातली कोणतीही दोन घ्या. त्यानं झाकण काढलं. आमची उरलेली मूठभर कार्डं. कोपरे कापडासारखे मऊ झालेले, पाठीमागचा रंग बोटांनी गेलेला. तो एकेक उचलून बघत होता आणि ठेवत होता. घेत काहीच नव्हता.

मग म्हणाला की मला ह्यातलं काही नको, पण तुम्ही खेळायचात तसा एक डाव मला खेळायचाय. मीही फाडीन.

मला वाटलं, अक्का नाही म्हणेल. ती बसली. त्यानं आपल्या कपाटातून एक गड्डी काढली, कव्हरं नसलेली. पोरं भोवती जमली, लॅबमधला तो मुलगाही होता. अक्का आपल्या मूठभर कार्डांवर खेळली. डाव इतका हळू चालला की पोरं आधी कुजबुजत होती, मग कुजबुजायचीही थांबली. मालकाच्या हातात पाच चांदण्यांचं कार्ड आलं. एकाचा बळी. रोज असे किती देत असेल तो, न बघता. आता त्यानं ते बारकं कार्ड उचललं आणि दोन्ही हातांत धरून बसला. ते त्यानं आधी कधी वाचलं नसावं, कारण त्यानं खालचा सगळा मजकूर ओठ हलवत वाचून काढला. मग कपाळाला लावलं. फाडलं. तोच चर्र आवाज झाला. त्याच्या बाजूला बसलेला एक पोरगा दचकून मागं सरकला. मालकानं तुकड्यांच्या कडा पाहिल्या, तो आतला निळा-काळा थर पाहिला, आणि पाणी मागितलं.

आता अक्काची खेप होती. तिच्या हातात पंखवाला साप होता, तिच्या मैदानात दोघं होते, आणि तो बोलावला असता तर ती जिंकत होती. एवढं मलाही दिसत होतं. तिनं एक कार्ड उचललं. अंगठे जागेवर आले. मी डोळे मिटून घेतले आणि वाट बघायला लागले.

आवाज आलाच नाही. डोळे उघडले तर तिनं कार्ड परत मैदानात ठेवलेलं होतं.

"न्हाई व्हत," ती म्हणाली. "आता न्हाई व्हत मला."

मी तिच्या तोंडाकडं बघतच राहिले. सातवीपासून तिचा हात कधी थांबला नव्हता, आणि आता तो टेबलावर पालथा पडला होता. मालकानं मान हलवली. त्यानं आपली कार्डं गोळा केली, तिनं आपली डब्यात ठेवली. कोण जिंकलं हे कोणी विचारलं नाही. निघताना त्यानं फक्त एवढंच सांगितलं की परत असा डाव मला मागू देऊ नका.

मी समजले होते की विषय संपला. पण अक्का पुढच्या रविवारी परत गेली. मग त्याच्या पुढच्याही. पोरं तिला आता अक्काच म्हणतात, तिच्यासाठी खिडकीजवळची खुर्ची सोडतात. तिनं खरे नियम शिकून घेतले. ती बऱ्याचदा हरते, कारण मोठा जीव हातात असून ती बोलवायला उशीर करते, आणि समोरची पोरं भराभर बळी देऊन मोकळी होतात. ती चिडत नाही. हरली की स्मशानातली कार्डं उचलते, एकेक उलटून बघते आणि गड्डीत ठेवते. तिला त्याची सवय झाली आहे. मला नाही झाली. मी तिच्यासोबत जाते, बसते, चहा पिते. पण डाव संपला की ती पोरं मेलेली आणि जिवंत अशी सगळी कार्डं एका हातानं ओढून एकत्र पिसतात, बोलत, हसत, आणि माझ्या अंगावर दरवेळी काटा येतो.

परवा तो लॅबमधला मुलगा अक्कासोबत नवा डाव सुरू करत होता. त्यानं गड्डी पिसली आणि मी शेजारीच होते म्हणून माझ्यापुढं धरली. "कापा, ताई," म्हणाला.

माझा हात मागं गेला. अक्कानं माझ्याकडं पाहिलं आणि समजली.

"अगं, गड्डी कापायची," ती म्हणाली. "वरची निम्मी उचलून बाजूला ठेव नुसती."

मी वरची निम्मी उचलून बाजूला ठेवली.